पराटीपासून (कापसाच्या वाळलेल्या काड्यांपासून) विमानाचं तेल : शेतकरी कंपनीनं कर्ज काढून यात उतरावं का?

कापूस_तूर_यवतमाळ | ११ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी नमस्कार, इथं वाचतो बरंच पण धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ४१२ सभासद, सगळे कापूस-तूरवाले, सरासरी पाचेक एकर पराटी प्रत्येकाची. बियाणं-खताचं दुकान चालवतो, थोडी तूरडाळ करतो, नफा म्हणाल तर चहापाण्यापुरता. मागच्या आठवड्यात पुण्याकडून एक साहेब आले होते, चकचकीत बूट, वावरात उतरले ते काळी माती झटकतच. म्हणाले विदर्भात पराटीपासून विमानाचं इंधन बनवायचा कारखाना येऊ घातलाय, त्या तेलाला ते सॅफ म्हणतात, आणि माल गोळा करून देणारे 'भागीदार' पाहिजेत. दर २ रुपये किलो, वाळलेली, कुट्टी केलेली, त्यांच्या गेटवर पोच. आम्ही वर्षाला ५,००० टन द्यायचं. शेड, कुट्टी मशीन, काटा, दोन ट्रॉल्या मिळून सव्वा कोटीचा अंदाजही त्यांनीच काढून दिला, कर्ज मात्र आम्ही काढायचं. मंडळातले अर्धे म्हणतात पराटी तशीही पेटवूनच देतो, चार पैसे येत असतील तर काय वाईट, बाकीचे अर्धे काही बोलतच नाहीत. सह्या करणाऱ्यांत माझं नाव आहे म्हणून मला झोप नाही. कोणाला यातलं कळतं का?

वऱ्हाडी_ठेचा | ११ जानेवारी, रात्री ११.०५

भाऊ, सही करू नका. बस.

वऱ्हाडी_ठेचा | ११ जानेवारी, रात्री ११.३२

आता झोप येत नाही म्हून पूर्ण सांगतो. २००६ साली आमच्या बाबानं तीन एकर जट्रोफा लावला होता. तेव्हा बी असेच एक साहेब आले होते जीपमधी, म्हने बी आमी घेऊ, डिझेल करू, पडीक जमिनीवर पैशाचं झाड. बाबानं रोपं इकत घेतली त्यायच्याचकडून. चार वर्सांनी बी आलं ते पोत्यात भरून ठेवलं, घ्याले कोनीच नाही आलं, फोन लावला तर नंबर बंद. आजबी धुऱ्यावर चार झाडं उभी हायेत, बकरी सुदा तोंड लावत नाही त्याले. अन् तमाशा पाहा, २०१८ मधी देहरादूनहून दिल्लीले स्पाइसजेटचं इमान उडालं जट्रोफाच्या तेलावर, पेपरात फोटो आला, तर बाबा म्हने पाय रे, आपलं झाड उडालं, आपन इथंच रायलो.

केमिकल_काका | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

ठेचाभाऊंचं दुःख खरं आहे, पण जट्रोफा आणि हे एकाच पोत्यात भरू नका. मी रिफायनरीत ३१ वर्षं काढली, आता नागपुरात नातवंडं सांभाळतो, मला समजतं तेवढं सांगतो.

सॅफ म्हणजे काही निराळं तेल नव्हे, ते रॉकेलच्याच घराण्यातलं, आज विमानात भरतात तेच, फक्त जमिनीखालच्या कच्च्या तेलाऐवजी दुसऱ्या कशापासून बनवलेलं. एएसटीएम डी ७५६६ नावाचं मानक आहे, त्यात बसलं की साध्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळता येतं, इंजिनात काही बदलावं लागत नाही. बनवायच्या वाटा बऱ्याच आहेत, मोठ्या तीन. आज जगात जे निघतं त्यातलं बहुतेक वापरलेलं खाद्यतेल नाहीतर चरबीपासून, कारण ती वाट सगळ्यात सोपी. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये याच वाटेसाठी सर्टिफिकेट मिळालं. पण तेल आणायचं कुठून? एफएसएसएआयनं, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्यानं, २०१८ पासून नियम केलाय की तळणाच्या तेलातले पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते फेकायचं, पण आपल्याकडे ते फेकलं जात नाही, हॉटेलातून गाड्यावर आणि गाड्यावरून कुठं जातं ते विचारू नका. नागपुरातल्या समद्या सावजीवाल्यांची कढई उपसली तरी एका रिफायनरीचा नाश्ता होईल फार तर.

दुसरी वाट इथेनॉलची. त्यातलं पाणी काढून इथिलीन वायू करायचा, मग त्याच्या लांब साखळ्या जोडायच्या आणि शेवटी हायड्रोजन देऊन रॉकेल. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला जे विमान उडालं त्यातलं सॅफ प्राज कंपनीनं उसाच्या मळीपासून, अल्कोहोलच्या वाटेनं केलेलं होतं. तिसरी वाट म्हणजे लाकूडफाटा किंवा शहरातला कचरा कोंडून तापवायचा, वायू करायचा आणि त्याचं तेल. कागदावर सगळ्यात सुंदर आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तोंडघशी पाडणारी.

पराटीचं म्हणाल तर एकतर तिच्यापासून टू-जी इथेनॉल (म्हणजे धान्य-उसाऐवजी काडीकचऱ्यापासूनचं) करून मग सॅफ, नाहीतर तिसरी वाट. ते पुण्याचे साहेब कोणत्या वाटेनं जाणार आहेत ते आधी विचारा.

कापूस_तूर_यवतमाळ | १२ जानेवारी, सकाळी ८.०२

काका धन्यवाद. विचारलं होतं, म्हणाले 'टेक्नॉलॉजी पार्टनर फायनल होतोय'. एक बावळट प्रश्न, इथेनॉल पेट्रोलमध्ये तसंच मिसळतात तर विमानात तसंच का नाही ओतत, ही एवढी उठाठेव कशाला?

केमिकल_काका | १२ जानेवारी, सकाळी ८.२०

बावळट नाही. एक किलो इथेनॉलमध्ये उष्णता साधारण २७ मेगाज्यूल, विमानाच्या इंधनात ४३. म्हणजे तेवढंच अंतर कापायला दीडपटीहून जास्त वजन घेऊन उडा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि विमानाचं इंधन उणे ४७ अंशापर्यंत गोठता कामा नये, एवढ्या थंडीत टाकीत पाणी म्हणजे थेट बर्फ.

वऱ्हाडी_ठेचा | १२ जानेवारी, सकाळी ८.४१

आमच्या गडचिरोलीच्या साडभावाले इचारा, मोहाची पहिल्या धारेची असली की काही मिसळा लागत नाही, मानूस तसाच उडते.

बँकेतला_माणूस | १२ जानेवारी, रात्री ९.५०

उशीर झाला, आज शाखेत ऑडिट होतं. मूळ प्रश्न कर्जाचा आहे म्हणून लिहितो, बँकेचं नाव विचारू नका.

आधी साधी गोष्ट, जी त्या साहेबांनी केली नाही. ४१२ सभासद गुणिले ५ एकर म्हणजे २,०६० एकर. कोरडवाहू पराटीची वाळलेली काडी एकरी टनभर धरा, थोडी कमीजास्त. म्हणजे सगळ्यांनी सगळी दिली तरी २,००० टन. मग ५,००० टनाचा आकडा कुणाच्या वावरातून आला? उरलेले ३,००० टन तुम्ही बाहेरून विकत घेणार, आणि तुम्ही घ्यायला लागलात की शेजारच्या गावात भाव वाढणार. हे मी तोंडची हवा म्हणून सांगत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे काडीकचऱ्यावर वीज करणारे प्लांट निघाले होते, त्यातल्या एकाची फाईल माझ्या टेबलावर होती. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काडीचा भाव धरला होता तो कुणी घेत नव्हतं तेव्हाचा. प्लांट सुरू झाला, भाव वर गेला, वीटभट्टीवाले रोख देऊन उचलायला लागले, विजेचा दर मात्र करारानं बांधलेला. तीन वर्षांत खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत. मी त्या प्लांटच्या गेटला लावलेलं सील अजून विसरलो नाही, कारण ते लावायला मीच गेलो होतो.

आता सॅफचं गणित. पानिपतला इंडियन ऑइलचा टू-जी इथेनॉल प्लांट आहे, ऑगस्ट २०२२ ला उद्घाटन झालं, खर्च ९०० कोटींच्या वर, वर्षाला २ लाख टन धानाची काडी घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची क्षमता. म्हणजे टनाला १५० लिटर. काका, एक लिटर सॅफला किती इथेनॉल लागेल?

केमिकल_काका | १२ जानेवारी, रात्री १०.०४

इथेनॉलमधलं पाणी गेलं की वजन १०० चं ६० च उरतं, हे केमिस्ट्रीचंच आहे, त्यात कुणाची हुशारी चालत नाही. वर थोडी गळती धरून लिटरमागे १.७ लिटर इथेनॉल पकडा.

बँकेतला_माणूस | १२ जानेवारी, रात्री १०.३८

मग हा घ्या हिशेब, मी कागदावर केलाय, चुकला असेल तर सांगा.

एक टन काडीतून १५० लिटर इथेनॉल म्हणजे साधारण ८८ लिटर सॅफ. काडी २,००० रुपये टन, म्हणजे लिटरमागे काडीचे २३ रुपये. आता मक्याशी ताडून पाहा. मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ७१.८६ देतात, गुणिले १.७ म्हणजे १२२ रुपये फक्त इथेनॉलचे. विमानाचं साधं इंधन मिळतं लिटरला ९० च्या आसपास, वर-खाली होत राहतं. म्हणजे मक्यात कच्च्या मालालाच फास बसतो. काडीत तसं नाही, काडी फुकटच्या भावात आहे, तिथं महाग आहे तो कारखाना. ९०० कोटी भागिले ३ कोटी लिटर, म्हणजे वर्षाला एक लिटर इथेनॉल काढायच्या क्षमतेसाठी ३०० रुपये गुंतले. सॅफच्या भाषेत लिटरला ५१०, आणि यात इथेनॉलचं रॉकेल करणारं युनिट धरलेलंच नाही. ५१० वर १० टक्के व्याज धरलं तर लिटरमागे ५१ रुपये नुसतं व्याज. व्याजाचा दर एक टक्का हलला की लिटर ५ रुपयांनी हलतं. प्लांट निम्म्याच क्षमतेनं चालला तर ते ५१ चे १०२ होतात आणि अशा नव्या प्लांटांची पहिली काही वर्षं बहुतेक तशीच जातात.

म्हणून या धंद्यात 'काडी कुठून आणायची' याच्याइतकाच 'पैसा किती टक्क्यानं मिळतो' हा प्रश्न मोठा आहे. आणि पैसा स्वस्त कधी मिळतो? समोर पक्का गिऱ्हाईक असला की. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं बघा ना, २०१४ ला दीड टक्का मिसळत होतो, २०२५ ला २० टक्के. टेक्नॉलॉजी तर जुनीच होती, दारूच्या भट्टीचीच. फरक पडला तो सरकारनं दर जाहीर केला, व्याजात सूट दिली आणि तेल कंपन्यांनी डिस्टिलरीशी लांब मुदतीचे खरेदी करार केले, त्यात बँकेला तिसरा पक्ष घेतलं, इथेनॉलचे पैसे आधी आमच्याकडच्या खात्यात पडणार मग मालकाकडे. असला कागद आला की आम्ही बँकवाले डोळे मिटून नाही पण एक डोळा मिटून तरी कर्ज देतो.

सॅफला तसला कागद अजून कुणी देत नाही. सरकारनं आंतरराष्ट्रीय विमानांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ टक्के असं ठरवलंय, पण ते 'सूचक' लक्ष्य आहे, दराची हमी नाही. आणि सरकारी धोरण म्हणजे कसं, ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशानं उसाच्या रसाचं इथेनॉल थांबवलं होतं, ज्यांनी कर्ज काढून टाक्या उभ्या केल्या त्यांना विचारा त्या आठवड्यात जेवण गेलं का.

गोंदिया_धान | १३ जानेवारी, दुपारी १.१०

पानिपतला २ लाख टन धानाची काडी, तर मग आमच्या भंडारा-गोंदियाच्या तणशीचा प्लांट कधी? आमच्याकडे पण बांधीतच जाळतात आता, हार्वेस्टर आल्यापासून. सरकारची ती जीवन योजना होती ना, तिचं काय झालं?

बँकेतला_माणूस | १३ जानेवारी, रात्री ९.१५

पीएम जीवन, २०१९ ची, एकूण १,९६९.५० कोटींची. एका व्यावसायिक प्रकल्पाला जास्तीत जास्त १५० कोटी. २०२४ मध्ये मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवली आणि फक्त टू-जी इथेनॉलऐवजी सगळी प्रगत जैवइंधनं आत घेतली. चांगली आहे, पण ९०० कोटींत १५० म्हणजे सहावा हिस्सा, तोही बांधायला. बांधल्यावर रोज जो तोटा होतो त्यावर उतारा नाही.

थेट_मुद्दा | १३ जानेवारी, रात्री १०.२२

एवढं गणित कशाला, जगात काय चाललंय ते बघा. अमेरिकेत नेवाडामध्ये फुलक्रम नावाची कंपनी शहरातल्या कचऱ्यापासून विमानाचं तेल करणार होती, विमान कंपन्यांनी पैसे घातले होते, सप्टेंबर २०२४ ला दिवाळं. शेलनं रॉटरडॅमला ८ लाख २० हजार टनांचा प्लांट बांधायला घेतला, जुलै २०२४ ला काम थांबवलं, २०२५ ला रद्दच केला. शेल! आणि आपले ४१२ शेतकरी सव्वा कोटी घेऊन निघालेत. २०२४ मध्ये जगात सगळं मिळून १० लाख टन सॅफ झालं, एकूण विमान इंधनाच्या ०.३ टक्के. हा सगळा हवेतला खेळ आहे.

मिहान_नाईटशिफ्ट | १४ जानेवारी, पहाटे ४.३०

थेटभाऊ तुमचा मुद्दा नेहमीसारखा अर्धा बरोबर. मी विमान दुरुस्तीत आहे, शिफ्ट संपत आली म्हणून लिहितोय. रद्द होतात ते खरं, पण गिऱ्हाईक नाही असं नाही. युरोपात कायदाच आहे, तिथल्या विमानतळांवरच्या इंधनात २०२५ ला २ टक्के, २०३० ला ६, २०५० ला ७० टक्के सॅफ पाहिजे. ब्रिटनचं वेगळं, २०३० ला १० टक्के. म्हणजे एअर इंडियाचं विमान लंडनहून परत येताना जे इंधन भरतं त्यात सॅफचा वाटा हिशेबात धरलेला असतोच, पैसे देऊन.

आता भार किती पडतो पाहा. मुंबई-लंडन बोईंग ७७७ ला एका बाजूला ६५-७० टन तेल लागतं. ३०० माणसं धरली तर माणशी साधारण २८० लिटर. त्यात २ टक्के सॅफ म्हणजे साडेपाच लिटर, आणि सॅफ लिटरला १०० रुपयांनी महाग धरलं तरी साडेपाचशे रुपये. विमानतळावर एक समोसा अन् कॉफी घ्या, झाले. पण हे साडेपाचशे कुणी गोळा करायचे यावर भांडण आहे. विमान कंपनीला एका प्रवाशामागे नफा सुटतो ७ डॉलर, त्यांच्याच संघटनेचा आकडा आहे २०२५ चा, ती काही खिशातून घालणार नाही. सिंगापूरनं सरळ तिकिटावरच पट्टी लावायचं ठरवलंय. ब्रिटन म्हणतं आम्ही कारखानदाराला किमान दराची हमी देऊ, बाजारभाव खाली गेला तर फरक भरून देऊ आणि तो पैसा इंधन पुरवणाऱ्यांकडून वसूल करू. अमेरिकेत कर सवलत होती गॅलनला पावणेदोन डॉलरपर्यंत, २०२६ पासून ती १ डॉलरवर आणली. कारखाना बांधायला चार वर्षं अन् सवलत दोन वर्षांत बदलते, मग शेल पळणार नाही तर काय.

केमिकल_काका | १४ जानेवारी, सकाळी ७.००

शाब्बास नाईटशिफ्ट, झोपा आता. एकच भर. इथेनॉलपासून सॅफचा जगातला पहिला व्यावसायिक कारखाना अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला, लान्झाजेट कंपनीचा, फीत कापली जानेवारी २०२४ ला आणि तेल हाती आलं २०२५ च्या शेवटी. मधली पावणेदोन वर्षं वाल्व्ह बदल, हे गळतंय, ते तापत नाहीये, यात गेली असणार, नव्या प्लांटचं हे मी तीनदा भोगलंय. त्यांच्या मागे मायक्रोसॉफ्टसारखे पैसेवाले होते म्हणून तगले. तुमची पराटी त्या पावणेदोन वर्षांत शेडमध्ये पडून राहील आणि वाळवी काही व्याजदर विचारत नाही.

आणखी एक, पराटीच्या बाजूनं. युरोप मका-ऊस असल्या खायच्या पिकांचं सॅफ धरत नाही, पिकाच्या उरलेल्या काडीचं धरतं. म्हणजे तुमच्या मालाला मान आहे. फक्त प्रत्येक ट्रॉली कोणत्या वावरातून आली त्याचा कागद लागतो, सर्टिफिकेटवाले येऊन तपासतात.

सुगंधा_बचतगट | १४ जानेवारी, दुपारी ३.२०

सगळे दादा लोक लिटर अन् मेगाज्यूल मोजून राहिले, मी चूल मोजते. आमच्या गावात ज्यांना वावर नाही त्या बायका पराटी उपटायला जातात त्या अर्ध्या मजुरीवर अन् अर्ध्या पराटीवर. उपटलेल्यातली निम्मी मोळी घरी न्यायची अशी जुनी बोली आहे. उज्ज्वलाचं सिलिंडर आहे घरी, पण ते पाहुणा आला तर पेटते, बाकी आंघोळीचं पाणी अन् भाकर पराटीवरच. तुम्ही उद्या किलोला २ रुपये केले की मालक म्हणेल पराटीले हात लावू नका, पूर्ण रोज घ्या अन् घरी जा. रोजाच्या पैशात जळतण येत नाही. कापूसदादा, तुमच्या ४१२ सभासदांत अशा किती बाया आहेत?

कापूस_तूर_यवतमाळ | १४ जानेवारी, रात्री ८.४५

ताई, खरं सांगतो, एकही नाही. सभासद व्हायला सातबारा लागतो. माझ्या स्वतःच्या वावरातली निम्मी पराटी अशीच जाते आणि मी ती 'फुकट गेलेली' धरून बसलो होतो. म्हणजे बँकवाल्या भाऊंचे २,००० टन पण नाहीतच, हजार-बाराशे म्हणा.

काळी_माती | १५ जानेवारी, सकाळी ६.५०

कृषी पदवीधर, सध्या स्वतःचीच नांगरतोय. दोन उलटसुलट गोष्टी. एक, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते आठवा. शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगतात की डिसेंबरअखेर कापूस संपवा, फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर ठेवलेलं वाढीव पीक) घेऊ नका, पराटी वावरात उभी ठेवू नका, कारण अळी त्यातच सुप्त बसते. पण भाव वाढेल या आशेनं आपण मार्चपर्यंत फरदड वेचतो. पराटीला जानेवारीत रोख गिऱ्हाईक आला तर लोक आपोआप लवकर उपटतील, हा फायदा कुणाच्या प्रोजेक्ट रिपोर्टात लिहिलेला नसतो पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. दोन, आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच नावाला उरलाय, सगळी काडी दरवर्षी उचलून नेली तर वावर रिकामं होईल. मी तरी एका वर्षाआड देईन, एक वर्ष कुट्टी करून जमिनीतच.

थेट_मुद्दा | १५ जानेवारी, सकाळी ९.१२

म्हणजे हजार टनाचे पण पाचशे झाले. वा.

बँकेतला_माणूस | १५ जानेवारी, रात्री ९.४०

कापूसभाऊ, हे सगळं घेऊन पुन्हा त्या साहेबांना बोलवा. माझ्या मते भांडायचं ते दोन जागी. वरच्या हिशेबात काडीचा वाटा लिटरमागे २३ रुपये आहे. दर २ चा ३ केला तर लिटर साडेअकरा रुपयांनी वाढतं, पण तुमचा धंदा त्यात उभा राहतो. दर डिझेलच्या भावाला बांधून मागा. दुसरं म्हणजे उचल. ठरलेला माल नेला नाही तरी पैसे द्यायचे, असं कलम पाहिजे. ते नसेल तर त्यांच्या प्लांटचा धोका तुमच्या शेडमध्ये येऊन बसतो, आणि या सगळ्या साखळीत सगळ्यात कमी भांडवलवाला माणूस तुम्हीच. कृषी पायाभूत निधीतून कर्ज मिळेल, २ कोटींपर्यंत व्याजात ३ टक्के सूट आहे, पण सूट व्याजात आहे, हप्त्यात नाही, हप्ता दर महिन्याला येणारच, विमान उडो न उडो.

वऱ्हाडी_ठेचा | १५ जानेवारी, रात्री १०.०१

मी पयल्या दिवशी दोन शब्दात हेच सांगतलं होतं.

कापूस_तूर_यवतमाळ | २८ जानेवारी, रात्री ९.३०

अपडेट. साहेब आले, यावेळी बूट साधे होते. करार मागितला तर 'लेटर ऑफ इंटेंट' दिलं, म्हणजे नुसतं इराद्याचं पत्र, तीन पानं, त्यात दर आहे, आमचं टनेज आहे, ओल १५ टक्क्यांवर गेली तर कपात आहे, आणि उचलीच्या जागी लिहिलंय 'कंपनीच्या गरजेनुसार'. मी विचारलं प्लांट कुठं, म्हणाले जागा बघणं चालू आहे. पैशाचं विचारलं तर म्हणाले बँका कच्च्या मालाचा पुरवठा पक्का झाल्याचा कागद मागतात, म्हणून तर तुमच्या सह्या पाहिजेत. म्हणजे त्यांच्या कर्जासाठी आमच्या सह्या आणि आमच्या कर्जासाठी कुणाच्या? मंडळात मी हे एवढंच बोललो, गप्प बसणारे अर्धे पहिल्यांदा बोलले. सही केली नाही. 'प्लांटचं बांधकाम सुरू झालं की या, माल देऊ, भाड्याच्या मशीनवर देऊ, शेड बांधणार नाही', असं लिहून दिलं. साहेब रागावले नाहीत, मला वाटतं बाकीच्या गावांत पण हेच ऐकत असतील. माणूस खोटा वाटला नाही मला, अडकलेला वाटला.

सुगंधाताईंचं पण ठरावात घातलं, पुढं कधी माल दिला तरी उपटणाऱ्या बायांची निम्मी मोळी आधी बाजूला. यावर मात्र भांडण झालं, दोन मतांनी पास झाला.

सुगंधा_बचतगट | २८ जानेवारी, रात्री ९.५८

दोन मतं तर दोन मतं. ठरावाची झेरॉक्स पाठवा दादा, आमच्या गावच्या कंपनीवाल्यांना दाखवते.

कापूस_तूर_यवतमाळ | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

आज हौस म्हणून एक प्रयोग केला. माझ्या वावरातली, मोळ्या वाटून उरलेली पराटी ट्रॉलीत भरली, दोन माणसं, दोरानं आवळून, वर चढून तुडवून तुडवून भरली, बघायला डोंगर. काट्यावर नेली तर ७ क्विंटल ४०. दोन रुपयानं १,४८० होतात, भरणाऱ्यांचे ८००, डिझेल साडेतीनशे, उरले ३३०, आणि माझ्या खांद्यात काटे ते वेगळे. मग शेजारच्या गावातून कुट्टी मशीन भाड्यानं आणली, तीच ट्रॉली कुट्टीनं भरली तर १९ क्विंटल. म्हणजे जे काय आहे ते मशीनमध्ये आहे, शेडमध्ये नाही. काका, हे तुमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात असेल, मला आज कळलं.

केमिकल_काका | १ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४०

पुस्तकात आहे, पण खांद्यातले काटे नाहीत. १९ क्विंटलचं केलं काय मग?

कापूस_तूर_यवतमाळ | १ फेब्रुवारी, रात्री ८.०५

काट्यावरच एक वीटभट्टीवाला उभा होता. २ रुपये २० पैशानं घेतली, ४,१८० रोख, ओल पण नाही मोजली.

वऱ्हाडी_ठेचा | १ फेब्रुवारी, रात्री ८.११

कुट्टी मशीनवाल्याचा नंबर व्यनि करा भाऊ. माझ्याकडं सात एकर उभी हाये अजून.